रिकाम्या घराची कडी

आप्पा, तो पाय मोडलेल्या माणसाचा इंग्रजी सिनेमा मी परवा पुन्हा पाहिला. नातीने तिच्या लॅपटॉपवर लावून दिला. म्हणाली, आजी, फार जुना आहे, कंटाळशील. मी म्हटलं, अगं, मी हा दौंडला पाहिलाय, रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, माझ्या वडिलांबरोबर. तिचा विश्वासच बसेना. तिच्या हिशेबी त्या काळी आम्ही नुसत्या गोवऱ्या थापत होतो. शिरूरला माझा आता दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, समोर रांजणगावच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांच्या भाड्याच्या खोल्या, आणि मध्ये इतकं कमी अंतर की त्यांच्या फोडणीचा ठसका मला लागतो. दुपारी पडदा ओढून आम्ही दोघी बसलो. तो माणूस खुर्चीत झोपलेला, कपाळावर घाम, आणि मग हळूच त्याचं प्लास्टर दिसलं. मला एकदम इतकं हसू आलं की नात घाबरली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं ते वेगळंच. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून आज लिहायला बसले.

त्या उन्हाळ्यापर्यंत तुम्ही मला फारसे माहीतच नव्हतात, आप्पा. वाईट वाटून घेऊ नका, पण खरंच. तुम्ही म्हणजे रजेवर येणारा माणूस. आपल्या गावी, निमोण्याला, अंगणात सायकलची घंटी वाजली की आई डोक्यावर पदर घ्यायची आणि आम्ही दाराआड जायचो. पिशवीतून खारे दाणे आणि केळी निघायची. तुम्ही जेवायचात, रानात चक्कर मारायचात, आणि तुमच्या अंगाच्या कोळशाच्या वासाची सवय होते न होते तोवर परत निघायचात. मग मी अकरावीची परीक्षा देऊन घरी बसले होते तेव्हा दौंडच्या रेल्वे यार्डातला एक माणूस निरोप घेऊन आला की शंटिंगच्या वेळी डब्याच्या पायरीवरून उडी मारताना तुमचा पाय मोडला. आई कांदा काढण्यात अडकलेली. ती म्हणाली, "म्या कशी हलू आता? तू जा. भाकरी तर येत्यात तुला." मी दोन एसट्या बदलून, सगळ्या वाटेवर धूळ खात दौंडला आले. आल्यावर तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "आलीस व्हय? माठात पाणी हाय." आपलं पहिलं संभाषण ते.

तुमची ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. दगडी भिंती, वर कौलं, पुढं एक खिडकी, आणि खिडकीला लावलेली कुणा गार्डाकडून उसनी आणलेली कापडाची आरामखुर्ची. पाय लाकडी खोक्यावर. समोर रेल्वेच्या तशाच खोल्यांची दुसरी लाइन, मध्ये नळ. तुम्ही सांधेवाले होतात. रूळ बदलायचा, झेंडी दाखवायची, आणि स्वतःच्या डोळ्यांनी रूळ मोकळा पाहिल्याशिवाय हात हलवायचा नाही, एवढं तुमचं काम. तुम्हाला बघण्याचीच सवय. घरी बसवलं म्हणून ती थोडीच जाणार होती? कुणाचा पोरगा उन्हात हिंडतोय, कुणाच्या चुलीचा धूर अजून निघाला नाही, कुणाची शिफ्ट बदलली, सगळं तुम्हाला खुर्चीतून कळायचं. पण तुम्ही कुणाला काही सांगायचा नाहीत. मला वाटायचं, काय हा माणूस, दिवसभर दुसऱ्याच्या दाराकडं डोळे लावून बसतो.

आणि अशात इन्स्टिट्यूटमध्ये, रेल्वेवाल्यांच्या त्या क्लबात, तो सिनेमा लागला. महिन्यातून एखादा इंग्रजी खेळ व्हायचा, बहुतेक जुन्या साहेबलोकांच्या सवयीपायी सुरू राहिलेला. तुम्ही जाणार नव्हतात, पण तुमच्या बरोबरीची यार्डातली माणसं आली आणि तुम्हाला खुर्चीसकट उचललं. तुम्ही वर बसून ओरडताय, "आरं, ठिवा खाली, नवरदेव हाय का म्या!" आणि मागून मी तुमची काठी घेऊन. तुमची खुर्ची मधल्या वाटेत ठेवली. दिवे गेले, पडद्यावर त्या माणसाचा पांढराशुभ्र पाय आला, सगळा हॉल आधी पडद्याकडं बघतोय, मग तुमच्याकडं, आणि मग जो काही गोंधळ झाला! "आप्पा, तुमचाच लागलाय की!" मशीनवाल्याला खेळ थांबवावा लागला. तुम्ही लाजलात, आप्पा. तुम्हाला लाजताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मशीन एकच होतं, त्यामुळं रीळ बदलेपर्यंत थांबायला लागायचं. तेवढ्यात एक म्हातारे पेन्शनर गार्ड उठून झाल्या भागाची गोष्ट हिंदीत सांगायचे. खरं म्हणजे ती सांगायची गरजच नव्हती. चौकाभोवती खिडक्या, उकाडा, प्रत्येक खिडकीत एकेक संसार. नवं लग्न झालेलं जोडपं येतं आणि पडदा ओढून घेतं, नाचणारी पोरगी आहे, पेटीसारखं काही वाजवणारा आहे. आणि एक एकटी बाई, जी दोघांचं ताट मांडते, दार उघडून कुणी आल्यासारखं करते, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलते. हॉल हसला. मीही हसले. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "हसू नगं." एवढंच. पण असं म्हणालात की माझं हसू जागच्या जागी थांबलं. परवा तो भाग आला आणि मला कळलं, आप्पा. तुम्ही इतकी वर्षं त्या खोलीत एकटे जेवत होतात. आई तिकडं, आम्ही तिकडं. तुमच्या पुढ्यात कोण असायचं? हे तेव्हा कुणी मला सांगायला हवं होतं, पण सांगणार कोण, तुम्ही तर सांगणाऱ्यातले नव्हतातच.

पुढं त्या माणसाला समोरच्या खिडकीतली आजारी बायको दिसेनाशी होते. नवरा बॅग घेऊन ये-जा करतो, सांगतो की बायको गावी गेली. कॅमेरा त्या खोलीतून बाहेर पडतच नाही. जे त्याला दिसतं तेच आपल्याला दिसतं, जे त्याला कळत नाही ते आपल्यालाही नाही. आपण त्याच्याच खुर्चीत बसतो आणि हळूहळू आपल्यालाही वाटायला लागतं की खून झालेला असावा. नुसती शंका नव्हे, झालेला असला तर बरं असं वाटतं. नातीनं मध्येच हे बोलून दाखवलं. म्हणाली, आजी, मला चक्क वाटतंय की त्याने तिला मारलेलंच असू दे, नाहीतर मजा जाईल. पोरगी हुशार आहे. आपल्या लाइनीत त्या उन्हाळ्यात नेमकं हेच झालं, पण मी तिला एवढंच म्हटलं की आमच्या लाइनीतही एक बाई अशीच गायब झाली होती.

सिनेमा पाहिल्यावर लाइनीचा नूर बदलला. आदल्या दिवसापर्यंत दारात बसून बिनघोर केस विंचरणाऱ्या बायका तुमची खिडकी दिसली की पदर सारखा करायला लागल्या. दोघीतिघींनी खिडक्यांना जुनी लुगडी बांधली. तुम्ही म्हणालात, "आता मला ह्यांची लुगडीच बघाया लागणार." आणि त्याच वेळी प्रत्येकीला दुसरीच्या घरात काहीतरी दिसायला लागलं. सगळ्यांत पुढं गँगमनची बायको, जिला सगळी लाइन मावशी म्हणायची. तिनंच पहिल्यांदा बोलून दाखवलं की समोरच्या लाइनीतल्या फिटरची बायको बऱ्याच दिवसांत नळावर आली नाही.

तो फिटर खालमान्या माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. विचारलं तर म्हणाला, माहेरी गेलीय. आणि इथंच सगळं अडलं. कारण आपल्या लाइनीत माहेरी जाणारी बाई अशी गुपचूप जात नसे. ती आधी नळावर सांगायची, बाकीच्या जणी निघताना तिला हळदीकुंकू लावायच्या, कुणी तिच्या पिशवीत आपल्या गावचा निरोप कोंबायची. हिला कुणीच कुंकू लावलं नव्हतं. तिला जाताना कुणी पाहिलंही नव्हतं. दाराला कुलूप. पाणी तोच भरायचा, कुणी उठायच्या आत. मावशी आपल्या दारात येऊन म्हणाली, "आप्पा, अगदी शिनेमातल्यागत हाय बघा. नवऱ्यानं सांगायचं गेली, आन् बाई गायब." तिच्या आवाजात काळजी होती, खोटं कशाला बोलू, पण मजाही होती. तुम्ही नुसतं हूं केलंत.

त्यानंतर तुम्ही खरोखर बघायला लागलात. आधीचं तुमचं बघणं वेळ घालवण्याचं होतं, हे यार्डातलं होतं. मी भाकरी थापता थापता विचारायची, काय दिसलं? तुम्ही म्हणायचात, भाकरी करपंल. आणि एका दुपारी मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणालात, "पोरी, त्यो कामावनं आला की कुलूप काढायच्या आदी कडी वाजिवतो. हळूच. रोज वाजिवतो."

"मग?"

"मग काय? रिकाम्या घराची कडी कोण वाजवंल?"

म्हणजे ती आत आहे. जिवंत आहे. पण आपण दोघंही एकाच वेळी पुढचं समजलो. आत आहे, आणि बाहेरून कुलूप आहे. कोंडलं असेल तर? मारहाण केली असेल तर? तुम्ही प्लास्टरवर मूठ आपटलीत. तुम्हाला उठता येत नव्हतं त्याचा तेवढा राग मी त्याआधी पाहिला नव्हता. मग म्हणालात, "त्यो कामावर हाय तवर जा. मागच्या बोळानं जा. वाटीत कालवण ने. कुणी इचारलं तर म्हण, मांजर धुंडतीया. आन् भ्या वाटलं तर माघारी ये, तुला कुणी काय म्हणणार न्हाई." सिनेमात त्या माणसाची मैत्रीण भारी झगा घालून समोरच्या खिडकीतून आत चढते. मी परकर-पोलक्यात, हातात मटकीच्या कालवणाची वाटी घेऊन बोळातून गेले. भीती मात्र तीच होती, आप्पा. परवा तो प्रसंग पाहताना मी नातीचा हात इतका दाबला की ती ओरडली.

मागचं दार मी बोटानं वाजवलं आणि सांगितलं, मी आप्पांची मुलगी. बराच वेळ काही नाही. मग आतून कडी निघाली. आतून, आप्पा. मागची कडी आतूनच होती. फिटरच्या वहिनी दारात उभ्या, चेहरा पांढरा पडलेला, पण अंगावर धुतलेलं लुगडं आणि केसांची वेणी. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. त्यांनी मला आत घेतलं, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कोंडली न्हाई मला. म्याच म्हणलं ह्यांस्नी, म्होरनं कुलूप लावा." मग थोडं थांबून, "ह्या खेपेलाबी ऱ्हायलं न्हाई बघ. पोटातनं गेलं."

त्याच पुढं बोलत राहिल्या, जणू कुणाला तरी सांगायचंच होतं. "मागल्या खेपेला समद्या आल्या. बसल्या, रडल्या. आन् त्या रडाय लागल्या की मलाच त्यांस्नी पाणी द्यावं लागायचं, गप करावं लागायचं. आवंदा न्हाई व्हत माझ्यानं. म्हणलं, थोडं दिस म्या न्हाईच असं धरा." मग वेणी पुढं ओढून मला दाखवली आणि हसल्या. "त्यांनी घातलीया. बघ की, दोरखंड वळल्यागत." ती वेणी खरंच भयानक होती. तिच्यात सगळीकडून केस सुटलेले. पण किती हळू हातानं घातली असेल ते दिसत होतं. त्या म्हणाल्या, "आप्पांना सांग. त्यांच्याकडनं बाहीर जायाचं न्हाई. दुसऱ्या कुणाला नगं." मी वाटी तिथंच ठेवून आले.

तुम्हाला सांगताना मला रडू आलं. तुम्ही रडला नाहीत. सगळं ऐकून घेतलंत, आणि म्हणालात, "खुर्ची फिरीव माझी." मी विचारलं, कुठं? "चुलीकडं." मी खोक्यासकट ती खुर्ची कशीबशी फिरवली, तुम्ही कळ सोसत, आणि खिडकीकडं तुमची पाठ झाली.

दुसऱ्याच दिवशी मावशी आणि आणखी तिघीचौघी आल्या. आता प्रकरण बोलण्यापुरतं राहिलं नव्हतं. मावशीच्या नवऱ्यानं ठाण्यात वर्दी द्यायचं ठरवलं होतं. पोलीस येणार, कुलूप तोडणार, आणि सगळ्या लाइनीसमोर ती बाई दारात उभी राहणार, ते मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं. मावशी म्हणाली, "आप्पा, तुमी दिसभर हितंच असता. तुमीच सांगा, तुमच्या नजरंला काय आलंय?" सगळ्या तुमच्याकडं बघायला लागल्या. बाईचं गुपित आणि त्या माणसाची अब्रू, दोन्ही तेव्हा तुमच्या जिभेवर होतं. मी चुलीपाशी, हातात पीठ. तुम्ही रूळ पाहिल्याशिवाय झेंडी न दाखवणारे. यार्डात म्हणत, आप्पांनी बघितलं म्हणजे बघितलं. आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "गेली की ती. पहाटंच्या गाडीनं. म्या डोळ्यानं बघितलं. हातात पिशवी व्हती."

"आन् कुंकू? कुणी लावलं न्हाई ते?"

"हिनं लावलं." आणि तुम्ही माझ्याकडं बोट केलंत.

मी मान हलवली. त्यापलीकडं मला काहीच करता आलं नसतं. मावशी माझ्याकडं बघत राहिली, मग तुमच्याकडं. तिला ते पटलं, आणि थोडी नाराजही झाली, खुनाची गोष्ट हातची गेली म्हणून. जाताना म्हणाली, "मग आदी नसतं का सांगायचं!" त्या गेल्यावर तुम्ही मला दार लोटायला लावलंत. मग म्हणालात, "न बघितल्यालं बघितलं म्हणालो, पोरी. पयल्यांदाच." मी म्हटलं, आप्पा, बरं केलंत. ताटावर बसलात तेव्हा एक भाकरी जास्त मागून घेतलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दारात आपल्या घागरी भरून ठेवलेल्या होत्या. कुणी भरल्या ते तुम्ही विचारलं नाहीत, मीही नाही. आणि खुर्ची चुलीकडं होती म्हणून असेल, तुम्हाला त्यानंतर बघायला मीच उरले. माझ्या भाकरीला पापुद्रा येत नाही, मी पुटपुटत पुस्तक वाचते, डोकं दुखलं की मी कुणाला सांगत नाही, हे सगळं तुम्हाला तेव्हा दिसलं. आणि मला तुम्ही दिसलात. तुम्ही वाटीला आधी फुंकर मारता, मग कालवण घेता. तुम्हाला लहानपणी मेंढरांमागं हिंडताना शिकलेली गाणी येतात. पोरीला पुढं शिकवायचं की नाही यावर तुम्ही आईशी भांडला होतात, माझ्या बाजूनं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या उन्हाळ्यात मला वडील मिळाले, आप्पा. मोडलेल्या पायानं ते काम केलं.

पाऊसकाळ लागायच्या आधी एका सकाळी वहिनी पिशवी घेऊन फिटरबरोबर बोळातून फेरा मारून पुढच्या दारानं आल्या, माहेराहून आल्यासारख्या. नळावरच्या सगळ्या धावल्या. मावशीनं तर भाकरतुकडा ओवाळून टाकला. तुम्ही काठी टेकत पहिल्यांदाच दारापर्यंत आला होतात, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलंत, "आलीस का गं? माहेरची समदी बरी हायत का?" वहिनींनी पदर घेतला आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या, "बरी हायत, आप्पा. तुमाला राम राम सांगितलाय समद्यांनी." तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी मात्र आत पळाले आणि तोंडावर हात दाबून हसले.

सिनेमाचा शेवट असा आहे की तो समोरचा माणूस या पाय मोडलेल्याच्या दारात येतो. खुनी असला तरी आल्याबरोबर धावून जात नाही, आधी गोंधळून विचारतो, की तुझं माझ्याकडं आहे तरी काय काम? आणि याच्यापाशी उत्तर नसतं. इतके दिवस बघत बसलेल्या माणसाला बघायचं कारण सांगता येत नाही. मला वाटतं सगळा सिनेमा त्या एका क्षणासाठी केलाय. मोठाच माणूस असणार तो करणारा. पण त्यानं तुम्हाला पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं मला उगाच वाटत राहिलं. त्यानं दाखवलं की बघता बघता माणूस दुसऱ्याचं मेलेलं धुंडायला लागतो, आणि ते खरंच आहे, आपली लाइनच साक्षीला आहे. कळलं की खुर्ची फिरवायची असते, हे मात्र मी तुमच्याकडं शिकले.

सिनेमा संपल्यावर नातीनं विचारलं, "आणि आजी, तू म्हणालीस ना की तुमच्या लाइनीतही अशीच एक बाई गायब झाली होती? मग काय निघालं?" मी तिला म्हटलं, काही नाही गं, माहेरी गेली होती. ती म्हणाली, हात्तिच्या. आणि लॅपटॉप मिटून गेली.

हे पत्र पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. ठेवायचंही नाहीये, फाडून टाकणार आहे. फक्त एक सांगते. इतक्या वर्षांत मला ते कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं, आप्पा. आईला, नवऱ्याला, मुलींना. जिभेवर यायचं आणि मी गिळायची. ज्यांना सांगितलं तर वहिनींचा शब्द मोडत नाही असे तुम्ही एकटेच, आणि तुम्हाला तर ते आधीपासून माहीत आहे. तरी सांगितलं. बरं वाटलं.